उष्टा चमचा आणि निळं पाणी

दोस्तांनो,

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून एक पत्र आलं. नववीतल्या मैत्रिणीचं. अक्षर अगदी सुरेख, पण पत्राच्या माथ्यावर लाल पेनने दोन रेघा मारून लिहिलंय, 'ताई, माझं नाव छापू नका.' का, ते तिच्याच शब्दांत वाचा :

'माझी आई घरीच, पुढच्या खोलीत पार्लर चालवते. तिचा हात चांगला आहे असं सगळ्या बायका म्हणतात. पण शाळेत आईवडिलांचा व्यवसाय लिहायला सांगितला तेव्हा मी आईच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलं. कारण वर्गातली एक मुलगी मागे म्हणाली होती, पार्लरचं काय शिकायचं असतं, भुवया तर कोणीही करतं. मला उत्तरच देता आलं नाही. मी काय लिहिलं ते आईला माहीत नाही. ताई, खरंच यात शिकण्यासारखं काही असतं का?'

मी पत्र दोनदा वाचलं. लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. 'कोणतंही काम हलकं नसतं' असं एका ओळीत लिहून टाकता आलं असतं. पण ते वाक्य तुम्ही निबंधात दहा वेळा लिहिलेलं असतं, त्याने तिचं समाधान व्हायचं नाही. म्हणून आज माझ्या वहिनीची गोष्ट सांगते. वहिनी पार्लरच्या परीक्षेत चक्क नापास झाली होती!

वहिनी मूळची कोल्हापूरची. तिथे तिने बारा वर्षं पार्लर चालवलं. दिवाळीच्या आधी आठ दिवस तिच्याकडे नंबर लावून बायका बसत. २०१२ साली दादाच्या नोकरीमुळे सगळं घर अमेरिकेला गेलं. पुढे तिला तिथे काम करायची परवानगी मिळाली तेव्हा तिला वाटलं, कात्री-कंगवा आहे, हात तयार आहे, दारावर पाटी लावली की झालं!

पण तिथे तसं चालत नाही. लोकांकडून पैसे घेऊन त्यांचे केस कापायचे, रंगवायचे तर सरकारचा परवाना लागतो. आधी मान्यताप्राप्त शाळेत ठरलेले तास भरायचे. किती तास, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. न्यूयॉर्क राज्यात १००० तास लागतात. म्हणजे किती बरं? रोज पाच तास शाळा धरली तर २०० दिवस. अहो, आपलं जवळजवळ अख्खं शालेय वर्ष झालं की! त्यानंतर लेखी परीक्षा, आणि बऱ्याच राज्यांत प्रात्यक्षिक परीक्षा.

बारा वर्षं पार्लर चालवलेली वहिनी पुन्हा शाळेत गेली. तास भरले, लेखी परीक्षा पास झाली आणि प्रात्यक्षिकात नापास झाली.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसायची तयारी करत होती. पहिल्याच रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि किंचाळलेच. फ्रिजवर एका बाईचं नुसतं डोकं ठेवलेलं! लांब केस, डोळे सताड उघडे. वहिनी धावत आली आणि हसत सुटली. 'अहो वन्सं, ही आमची शकू!'

शकू म्हणजे सरावाचं डोकं. रबरासारख्या मऊ पदार्थाचं असतं आणि त्यावर केस लावलेले असतात. परीक्षेत अशाच डोक्यावर काम करून दाखवायचं असतं. टेबलाच्या कडेला ते शिकंज्याने घट्ट बसवतात. शकू हे नाव माझ्या भाच्याने ठेवलेलं. तो तेव्हा सातवीत होता.

'वहिनी, तुझा हात इतका चांगला, मग गुण गेले कुठे?' मी विचारलं.

'केस कापण्यात नाही गेले,' ती म्हणाली. 'कंगवा पडला तिथे गेले.'

झालं होतं असं. परीक्षा चालू असताना तिच्या हातून कंगवा जमिनीवर पडला. तिने तो चटकन उचलला, एप्रनला पुसला आणि पुढे सुरू. बारा वर्षांची सवय! परीक्षक काही बोलल्या नाहीत. त्यांनी कागदावर फक्त एक खूण केली. नंतर वॅक्सिंगच्या वेळी वहिनीने मेण घ्यायची लाकडी पट्टी एकदा वापरली आणि तीच पुन्हा भांड्यात बुडवली. पुन्हा एक खूण. तिच्या पेटीतल्या एका बाटलीवर आत काय आहे त्याची चिठ्ठी नव्हती. आणखी एक खूण. अशा खुणा साठत गेल्या.

'मला वाटलं होतं, ही सौंदर्याची परीक्षा आहे,' वहिनी म्हणाली. 'ती होती स्वच्छतेची आणि सांभाळून काम करण्याची.'

मुलांनो, मेणाच्या पट्टीची गोष्ट तुम्हाला लगेच कळेल. जेवताना तोंडात घातलेला चमचा तुम्ही लोणच्याच्या बरणीत घातला तर आजी काय म्हणेल? 'अरे, उष्टा चमचा! सगळी बरणी नासवलीस!' बरोबर? पट्टी एकीच्या त्वचेला लागली की ती उष्टी झाली. तीच पुन्हा भांड्यात घातली की सगळं मेण उष्टं झालं, आणि ते पुढच्या बाईच्या हाताला लागणार. म्हणून एका पट्टीने एकदाच मेण घ्यायचं आणि ती टाकून द्यायची. नियम अमेरिकेतला, पण आपल्या आजीला तो आधीपासून ठाऊक आहे!

मग वहिनीने तयारी कशी केली? रोज रात्री जेवणं झाली की टेबल पुसून त्यावर परीक्षा भरायची. भाचा परीक्षक. हातात घड्याळ, डोळ्यांवर दादाचा चष्मा. तिथे परीक्षेत सूचना इंग्रजीतून एका ठरावीक भाषेत वाचून दाखवतात. परीक्षक गप्पा मारत नाहीत, 'बरोबर चाललंय' असंही म्हणत नाहीत. परीक्षार्थी नावाने नाही, नंबराने ओळखला जातो. आपल्या बारावीच्या प्रॅक्टिकलला निदान तोंडी परीक्षेत दोन शब्द बोलायला मिळतात. तिथे तेही नाही. हातांनी काय केलं तेवढंच मोजतात. म्हणून भाचा अगदी दगडी चेहरा करून सूचना वाचायचा आणि घड्याळ लावायचा.

पहिलं काम म्हणजे हात स्वच्छ करणं. मग जागा पुसून घ्यायची, स्वच्छ टॉवेल पसरायचा आणि त्यावर लागणाऱ्या वस्तू मांडायच्या. शेजारी दोन पिशव्या चिकटवायच्या. एक कचऱ्याची, दुसरी वापरून झालेल्या, अजून निर्जंतुक न केलेल्या हत्यारांची. दोन्हींवर चिठ्ठ्या. स्वच्छ आणि वापरलेलं यांची भेट म्हणून होऊ द्यायची नाही.

मग शकूच्या गळ्याभोवती कागदाची एक पट्टी गुंडाळायची आणि त्यावर केस कापताना अंगावर घेतात तो कपडा बांधायचा. पट्टी कशाला? तो कपडा दिवसभरात कितीतरी गळ्यांना लागतो. मध्ये कागद असला की एकाचा घाम दुसऱ्याच्या मानेला लागत नाही. आहे की नाही साधी गोष्ट?

केस कुरळे करायचा तापता चिमटा आधी पांढऱ्या कागदावर टेकवून बघायचा. कागद करपला तर केसही करपणार. चिमटा डोक्याजवळ नेताना मध्ये कंगवा धरायचा, म्हणजे टाळूला चटका बसत नाही. केसांना रंग लावायच्या आधी एक-दोन दिवस थेंबभर रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवायचा, कारण काही जणांना रंगाची ॲलर्जी असते. वॅक्सिंगचं मेण आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचं. आई बाळाचं दूध मनगटावर टाकून बघते ना, अगदी तसं.

सगळ्यात मजा यायची ती रक्ताच्या सरावाला. काम करताना कुणाला कापलं तर काय करायचं, याचीही परीक्षा असते. खरं रक्त कुठून आणणार? मग वहिनी कुंकू पाण्यात कालवून बोटाला लावायची आणि ओरडायची, 'कापलं!' आणि मी गिऱ्हाईक म्हणून समोर बसलेली. काम लगेच थांबवायचं. घाबरायचं नाही. हातमोजे घालायचे. जखम साफ करून औषध लावायचं, पट्टी बांधायची. रक्त लागलेला कापूस पिशवीत नीट बंद करून टाकायचा. हत्यार बाजूला काढायचं, जागा निर्जंतुक करायची, हात धुवायचे. मगच पुढचं काम. यातली एक पायरी चुकली की परीक्षक साहेब चष्म्यावरून बघून म्हणायचे, 'आई, नापास!'

आता निळ्या पाण्याविषयी. तुम्ही सलूनमध्ये किंवा सिनेमात बघितलं असेल, काचेच्या उंच बरणीत निळंशार पाणी आणि त्यात उभे कंगवे. त्या औषधाचं एक प्रसिद्ध नाव बार्बिसाइड. अमेरिकेतल्या मॉरिस किंग या माणसाने १९४७ साली ते बनवलं. ते वापरायचं गणित सोपं आहे : पाणी १६ भाग, औषध १ भाग. साधारण लिटरभर पाण्याला ६० मिलिलिटर औषध. कंगवा त्यात पूर्ण बुडवायचा आणि १० मिनिटं ठेवायचा. नऊ नाही, दहा!

पण कंगवा थेट निळ्या पाण्यात टाकला तर वहिनीचे गुण गेले असते. आधी त्यातले केस काढायचे, मग साबणाने धुवायचा आणि मगच बुडवायचा. कारण मळाचा थर असला की त्याच्याखाली जंतू लपून बसतात, औषध त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तेलकट ताट नुसतं बादलीत बुडवून काढलं तर निघतं का स्वच्छ? तसंच हे. आणि नखं घासायची कागदी पट्टी कितीही बुडवली तरी निर्जंतुक होत नाही. तिच्यात पाणी मुरतं, जंतूही मुरतात. ती एका गिऱ्हाइकाला वापरली की टाकायची.

तुम्ही म्हणाल, ताई, इतकं कशाला? एका कंगव्याने काय होतंय?

काय होतं ते सांगते. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नखांच्या सलूनमध्ये गेलेल्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर फोड आले. साधे फोड नाहीत, महिनोन् महिने न भरणारे. डॉक्टरांनी आणि आरोग्य खात्याच्या लोकांनी शोध घेतला. तिथे पाय बुडवून बसायच्या टाक्या होत्या, पाणी फिरवणाऱ्या. वरून चकचकीत. पण पाणी आत ओढणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि मळ साठलेला होता. जाळी काढून ती जागा कुणी धुतलीच नव्हती. नळाच्या पाण्यातून येणारे जंतू तिथे सुखाने वाढले. ज्या बायकांनी आधी पायांवरून वस्तरा फिरवला होता त्यांना धोका जास्त होता, कारण वस्तऱ्याने त्वचेवर बारीक चिरा पडतात. त्यानंतर पायांच्या टाक्या कशा धुवायच्या याचे नियमच कॅलिफोर्नियात झाले.

तेव्हा 'भुवया तर कोणीही करतं' म्हणणाऱ्या मुलीला सांगा, भुवया कोणीही करेल. पण जाळीच्या मागे कोण बघेल? परीक्षा त्याची असते.

आता एक दुसरी बाजूही सांगायला हवी. परीक्षा आहे म्हणजे तिचा प्रत्येक नियम शहाणपणाचाच असतो असं नाही. टेक्सास राज्यात एक गाजलेला खटला झाला, आणि तो कशावरून माहीत आहे? आपल्या थ्रेडिंगवरून! दोऱ्याने भुवया कोरणाऱ्यांनीही ७५० तासांचं शिक्षण घेऊन परवाना काढावा, असं तिथलं सरकार म्हणत होतं. आशिष पटेल आणि त्यांच्याबरोबरचे व्यावसायिक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, या ७५० तासांतल्या बऱ्याच गोष्टींचा आमच्या दोऱ्याशी संबंधच नाही. २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जवळपास ३२० तासांचा थ्रेडिंगशी संबंध नाही, असं कोर्टाला दिसून आलं. बघा, एका साध्या दोऱ्याने केवढा कायदा हलवला!

कॅलिफोर्नियाने तर २०२२ पासून प्रात्यक्षिक परीक्षाच बंद केली आणि तासही १६०० वरून १००० केले. आता तिथे लेखी परीक्षा देऊन परवाना मिळतो. हे बरं झालं की वाईट? घरी यावर चर्चा करा. एक बाजू म्हणेल, परीक्षेचा खर्च आणि हेलपाटे वाचले, गरिबाला लवकर काम मिळालं. दुसरी म्हणेल, पडलेला कंगवा माणूस उचलून एप्रनला पुसतो की नाही, हे पेपरात कसं कळणार? मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. तास किती असावेत यावर भांडता येईल. उष्ट्या पट्टीवर मात्र भांडता येणार नाही.

आता माझ्या भाच्याचं एक गुपित सांगते. तुमच्यातच ठेवा. सुरुवातीला त्याचे मित्र घरी आले की तो शकूला कपाटात कोंडायचा. आई काय करते असं कुणी विचारलं तर 'घरीच असते' म्हणायचा. आठवतंय ना, साताऱ्याच्या मैत्रिणीने काय लिहिलं होतं?

एका शनिवारी त्याचा मित्र अचानक आला. शकू टेबलावर, वहिनी तिच्या केसांच्या बटा रॉडवर गुंडाळत होती. मित्राने विचारलं, 'हे काय?' भाचा गोरामोरा झाला. पण परीक्षकाची सवय लागलेली, तोंडातून उत्तर गेलंच. 'बट रॉडच्या मापाचीच घ्यावी लागते. टोकाला कागद लावायचा, नाहीतर केस मुडपतात. फार ओढायचं नाही, तुटतात.' मित्र म्हणाला, 'मला बघू दे.' त्याने बट घेतली आणि प्रयत्न केला. एकदा, दोनदा, पाच वेळा. रॉड दरवेळी सुटून खाली. दहा मिनिटांनी घामाघूम होऊन त्याने हात टेकले. 'तुझी आई हे किती करते?' भाच्याने घड्याळ दाखवलं आणि आकडा सांगितला. त्यानंतर शकू पुन्हा कपाटात गेली नाही.

दुसऱ्या परीक्षेला वहिनी गेली तेव्हा मी परत आले होते. रात्री फोन आला. 'वन्सं, या वेळी क्लिप पडली!' माझ्या पोटात गोळाच आला. 'मग?' 'मग काय, उचलली, वापरलेल्या वस्तूंच्या पिशवीत टाकली, हात साफ केले आणि दुसरी घेतली. परीक्षक बाईंनी पुन्हा कागदावर काहीतरी लिहिलं. पण या वेळी मला माहीत होतं काय लिहिलं असणार!'

वहिनी पास झाली. परवान्याचा कागद तिच्या आरशाशेजारी भिंतीवर लावला आहे. भाच्यानेच लावला, जरा तिरका. वहिनीने तो सरळ केलेला नाही.

आणि माझ्या साताऱ्याच्या मैत्रिणी, आता तुझ्याशी बोलते. आपल्याकडे पार्लर चालवायला अशी परवाना-परीक्षा द्यावी लागत नाही. पण शिकायला मात्र जागा आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या शेवटी परीक्षाही असते. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, यात शिकण्यासारखं पुष्कळ असतं. परीक्षा नसली तरी गिऱ्हाईक असतंच. डोळे मिटून मान मागे टाकून बसलेली बाई आपल्या भुवया, आपली त्वचा आईच्या हातात देते. हा विश्वास काही फुकट मिळत नाही.

एक काम कर. रविवारी तासभर आईच्या पार्लरमध्ये बस. वही घे. आई हात किती वेळा धुते, कोणती वस्तू टाकून देते, कोणती धुऊन ठेवते, काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला काय काय विचारते, लिहून काढ. परीक्षक होऊन नको, विद्यार्थिनी होऊन बस. एखादी गोष्ट राहिलेली दिसली तर सगळे गेल्यावर हळूच सांग. बारा वर्षांची सवय माझ्या वहिनीचीही चुकली होती. आणि शाळेत काय लिहिलंस तेही त्याच दिवशी आईला सांगून टाक. ती रागावली तर थोडी रागावू दे. पुढच्या वेळी 'गृहिणी'च्या जागी काय लिहायचं, ते दोघी मिळून ठरवा.

बाकीच्यांसाठी या आठवड्याची प्रॅक्टिकल परीक्षा! बहिणीच्या, आईच्या किंवा आजीच्या दोन वेण्या घालायच्या. मुलग्यांनीही, पळून जायचं नाही! वेळ दहा मिनिटं. घरातलं कुणीतरी परीक्षक. नियम पाच :

१. आधी हात साबणाने धुवायचे.
२. स्वच्छ रुमालावर सगळं सामान मांडायचं.
३. कंगवा ज्याचा त्याचाच. (उवांना दुसऱ्याचा कंगवा फार आवडतो!)
४. जमिनीवर पडलेली वस्तू पुन्हा वापरायची नाही, म्हणून जास्तीची जवळ ठेवायची.
५. शेवटी कंगव्यातले केस काढून तो साबणाने धुवून वाळवायचा.

वेणी वाकडी आली तर गुण जाणार नाहीत. नियम चुकला तर जातील. किती गुण मिळाले आणि कुठे गेले, मला कळवा. आईबाबांनो, तुम्ही परीक्षक झालात तर चेहरा दगडी ठेवा, हसायचं नाही.

साताऱ्याहून दुसऱ्या पत्राची मी वाट बघते आहे. त्याच्या माथ्यावर लाल रेघा नसल्या तर नाव आनंदाने छापीन.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमची,
ताई